प्लॅटफॉर्मने किती सांगावं? : प्रस्तावना

२० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा बातम्यांचा सगळा भर त्या आकड्यावर होता. आदेशात दंडाशिवाय गूगलने काय करावं आणि काय करू नये याचीही यादी होती. तिच्यातली एक सूचना वकील आणि प्रोग्रामर सोडले तर फारशी कोणी वाचली नसेल. प्ले सर्व्हिसेसचे एपीआय, म्हणजे बाहेरच्या ॲपला गूगलच्या सेवा वापरू देणारी फंक्शन, नाकारून फोन बनवणाऱ्यांची, ॲप लिहिणाऱ्यांची किंवा स्पर्धकांची अडवणूक करू नये, असं ती सांगत होती. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाच्या चार सूचना रद्द केल्या. एपीआयची सूचना त्या चारांतली एक. हे एपीआय गूगलने स्वतः घडवलेलं, मालकीचं साधन आहे, ते वाटेल त्याला बिनाअट देण्याची सक्ती करता येणार नाही, असा न्यायाधिकरणाचा कल होता. पाच-सव्वापाच महिन्यांच्या अंतराने दिल्लीतल्याच दोन संस्थांनी एका प्रश्नाला दोन उलट उत्तरं दिली, आणि गूगल व आयोग दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले.

ज्याने प्लॅटफॉर्म घडवला, त्याने आपल्या सिस्टिमच्या आतलं किती, त्यावर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाहेरच्या माणसाला सांगावं? या पुस्तकातले सगळे लेख या एका प्रश्नाभोवती फिरतात. मराठीत यावर सलग लिहिलेलं जवळजवळ नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याला तो तांत्रिक वाटतो, प्रोग्रामरला कायद्याचा वाटतो, आणि अर्थशास्त्रवाले त्याला मक्तेदारीच्या प्रकरणात दोन परिच्छेद देऊन पुढे जातात. तिघांचंही इथे स्वागत आहे. आपल्याला येत नाही तो भाग शिकायची तयारी असली की पुरे.

आधी प्ले सर्व्हिसेस म्हणजे काय ते नीट पाहू, कारण पुढचा बराच गोंधळ तिथेच मिटतो. अँड्रॉइडचा सोर्स कोड खुला आहे. कोणीही तो उतरवून घ्यावा, बदलावा, फोनवर चढवावा. पण २०१२ पासून गूगलने त्याच्या वर एक वेगळा थर दिला, आणि तो बंद आहे. नकाशा दाखवणं, फोनचं ठिकाण अचूक काढणं, सर्व्हरवरून आलेला निरोप पडद्यावर उमटवणं, फोनच्या सिस्टिमशी कोणी छेडछाड केलेली नाही याची ग्वाही देणं अशी कामं वर्षागणिक या थराकडे सरकत गेली. गुरुग्राममध्ये बसून जेवण पोचवणारं ॲप लिहिणारी मुलगी आपण अँड्रॉइडसाठी लिहितो असं म्हणते, पण तिच्या ॲपची खरी मदार या बंद थरावर असते. तेच ॲप गूगलच्या सेवा नसलेल्या अँड्रॉइडवर टाकून बघा. ॲप उघडतं, लॉगिनचा पडदा येतो. नकाशाच्या जागी रिकामी चौकट राहते. हॉटेलने ऑर्डर घेतली की नाही, हे ॲप उघडून बसल्याशिवाय कळत नाही. पैसे भरायच्या पायरीवर एखादं ॲप सरळ सांगून टाकतं की हा फोन सुरक्षित वाटत नाही, पुढे जाता येणार नाही.

यातला पेच असा की या एपीआयचं डॉक्युमेंटेशन उघड आहे. कोणत्या फंक्शनला काय द्यायचं आणि त्याने काय परत करायचं, हे गूगलच्या पानांवर उदाहरणांसकट दिलेलं आहे. आयोगासमोरचा वाद माहिती मिळण्याचा जेवढा होता, त्याहून जास्त ती माहिती कुठल्या फोनवर वापरता येते याचा होता. गूगलच्या अटींत बसणाऱ्या अँड्रॉइडवर हे एपीआय चालतात, त्या अटींबाहेरच्या अँड्रॉइडवर चालत नाहीत. तेव्हा 'माहिती दिली' असं कोणी म्हटलं की लगेच विचारावं, वाचायला दिली की वापरायला? मायक्रोजी नावाचा एक खुला प्रकल्प हीच उघड पानं वाचून, आणि जिथे पानं अपुरी पडली तिथे निरीक्षण करून, प्ले सर्व्हिसेसची पर्यायी रचना लिहितो. तो बऱ्याच अंशी चालतो. जिथे अडतो, तिथे बहुधा गूगलच्या सर्व्हरची मान्यता लागत असते, आणि ती कितीही पानं वाचून मिळत नाही.

हे पुस्तक गुरुग्राममध्ये तयार व्हावं याला तसं कारण आहे. सेक्टर १५ मधल्या सिग्नेचर टॉवर्समध्ये गूगलचं कार्यालय आहे. सायबर सिटीत आणि उद्योग विहारमध्ये प्लॅटफॉर्मवाले, फोन कंपन्यांचे लोक आणि त्या फोनवर चालणारी ॲप बनवणारे एकाच मेट्रोने कामाला जातात. आयोग, न्यायाधिकरण, दूरसंचार नियामक, सगळे तासाभराच्या अंतरावर दिल्लीत. पुण्या-नागपूरकडून आलेली मराठी मुलंमुली या तिन्ही बाजूंना नोकरीला आहेत. कागदावर नसलेली माहिती या शहरात तोंडोतोंडी कशी फिरते, ते त्यांच्याकडून ऐकण्यासारखं असतं.

नमुना म्हणून एक प्रकार जरा जवळून पाहू, कारण तो रोज घडतो आणि न्यायालयात कधीच जात नाही. बॅटरी वाचावी म्हणून अँड्रॉइड ६ मध्ये, म्हणजे २०१५ साली, गूगलने 'डोझ' नावाची सोय आणली. फोन बराच वेळ पडून राहिला की मागे चालणाऱ्या ॲपना सिस्टिम जवळपास झोपवते आणि ठरावीक वेळाने थोडा श्वास घेऊ देते. बंधन कडक होतं, डेव्हलपरांनी कुरकुर केली. पण ते कसं चालतं, कोणत्या कामाला सूट आहे, ती सूट मागायची कशी आणि आपलं ॲप त्या अवस्थेत तपासायचं कसं, हे सगळं लिहून दिलेलं होतं. लोकांनी पानं वाचली, कोड बदलला, काम पुढे गेलं.

त्याच सुमारास काही फोन कंपन्यांनी अँड्रॉइडवर आपापली बॅटरी व्यवस्था चढवली. तिची पद्धत कुठेच लिहिलेली नव्हती. पडदा बंद झाला की काही मिनिटांत ॲप मारलं जाई. सेटिंगच्या चार पायऱ्या आत 'ऑटोस्टार्ट' नावाचा खटका असे, तो चालू आहे की बंद हे ॲपला विचारण्याचा अधिकृत मार्ग नसे, आणि फोनच्या नव्या आवृत्तीत त्या खटक्याची जागा आणि नाव बदलून जाई. काही मोठ्या, प्रसिद्ध ॲपना मुळातच सूट असे. ती यादी कोणी केली आणि तिच्यात नाव घालायला कोणाकडे जायचं, कोणाला ठाऊक नव्हतं.

याचा फटका कोणाला बसतो? सोहना रोडवर दुपारी मोटरसायकल बाजूला लावून ऑर्डरची वाट पाहणाऱ्या पोराचा फोन खिशात असतो. ऑर्डर येते, पण ॲप मेलेलं असतं. कंपनीच्या सर्व्हरवर त्याची नोंद 'प्रतिसाद नाही' अशी होते. तो तक्रार करतो तेव्हा मदत केंद्रातली मुलगी त्याच्या फोनचं मॉडेल विचारते आणि पाठ केलेल्या पायऱ्या सांगते: सेटिंग, बॅटरी, ॲप, 'निर्बंध नको'. ती पाठांतराची यादी म्हणजे न छापलेलं डॉक्युमेंटेशन. प्रत्येक कंपनीने ते आपल्यापुरतं, आपल्या खर्चाने, चुकत-माकत गोळा केलेलं असतं. मोठ्या कंपनीला शंभर मॉडेलचे फोन विकत घेऊन तपासणं परवडतं, दोघातिघांच्या कंपनीला परवडत नाही. न सांगितलेल्या माहितीची किंमत अशी लहानावर जास्त पडते. या क्षेत्रात शिरणाऱ्याने दुसरं काही नाही तरी एवढं पहिल्या आठवड्यात ध्यानात घ्यावं.

आता प्लॅटफॉर्मवाल्याच्या खुर्चीत बसून पाहू. तिथून चित्र वेगळं दिसतं, आणि ते निव्वळ लबाडीचं नाही.

विंडोज ९५ तयार होत असताना मायक्रोसॉफ्टच्या लोकांना 'सिमसिटी' या गाजलेल्या खेळात एक दोष सापडला. मोकळी करून टाकलेली मेमरी तो खेळ पुन्हा वाचत असे. डॉसवर ते खपून जाई, कारण मोकळी केलेली जागा तिथे लगेच दुसऱ्या कोणाच्या हाती जात नसे. नव्या विंडोजवर खेळ कोसळू लागला. चूक उघडउघड खेळाची होती, तरी दुरुस्ती विंडोजने केली. सिमसिटी चालू आहे का हे ओळखून मेमरी देण्याघेण्याची जुनी पद्धत वापरणारा खास कोड सिस्टिममध्ये घातला गेला. दुकानातून डबा विकत घेतलेल्या गिऱ्हाइकाला दोष कोणाचा याच्याशी कर्तव्य नसतं. नवीन विंडोज घेतली आणि खेळ बंद पडला, एवढंच त्याला दिसतं.

गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने या अनुभवाचा एक नियमच झाला आहे. एखादा एपीआय पुरेशा लोकांच्या हाती गेला की तुम्ही कागदावर काय वचन दिलं होतं याला अर्थ उरत नाही. सिस्टिमचं जे जे वर्तन बाहेरून दिसतं, त्या प्रत्येकावर कोणी ना कोणी विसंबलेलं असतं. म्हणून आतलं दाखवायला प्लॅटफॉर्मवाला कचरतो. जे दाखवलं ते पुढची दहा वर्षं बदलता येत नाही, अशी त्याची रास्त भीती असते. अँड्रॉइड ९ मध्ये, २०१८ साली, गूगलने अधिकृत यादीत नसलेल्या फंक्शनना हात लावण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, त्यामागे हेच कारण दिलं गेलं. तोवर आडवाटेने आत शिरून कामं उरकणाऱ्या कितीतरी ॲपची तेव्हा तारांबळ उडाली. ॲपलच्या दुकानात तर खासगी फंक्शन वापरणारं ॲप तपासणीतच परत येतं.

रेल्वेने वेळापत्रक छापलं म्हणून इंजिनाचे नकाशेही वाटले पाहिजेत असं होत नाही, पण छापलेल्या वेळेचा जाब तिला द्यावा लागतो. बाहेरून दिसणारा करार आणि आतली घडण हा फरक प्रत्येक लेखात तुम्हाला भेटेल. तो वाटतो तितका स्वच्छ नाही, हेही भेटेल.

स्वच्छ नाही तो कसा, हे दाखवणारं सगळ्यांत बोलकं प्रकरण युरोपातलं आहे. सप्टेंबर १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने मायक्रोसॉफ्टला पत्र लिहून आपल्या सर्व्हरचं विंडोजशी जुळावं यासाठी लागणारी माहिती मागितली. ती मिळाली नाही. डिसेंबरात सनने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाचा निकाल २४ मार्च २००४ ला आला. दंड ४९ कोटी ७० लाख युरोंच्या वर होता, आणि सोबत आज्ञा होती की कार्यालयीन सर्व्हर विंडोजशी कसे बोलतात त्याचे तपशील पूर्ण आणि अचूक लिहून द्या. सोर्स कोड मागितलेला नव्हता, मागितला होता तो संवादाचा तपशील. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की हा तपशील म्हणजेच आमच्या संशोधनाचा गाभा. १७ सप्टेंबर २००७ ला तिथल्या न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली.

या प्रकरणात कायद्याइतकाच सांबाचा, म्हणजे विंडोजशी बोलणाऱ्या एका खुल्या सर्व्हर-सॉफ्टवेअरचा, इतिहास वाचावा असा माझा आग्रह आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास या कामाला हात घातला तेव्हा त्यांच्याकडे कसलाही तपशील नव्हता. नेटवर्कवरून दोन यंत्रं एकमेकांना काय पाठवतात ते ते पाहत बसले, एकेक प्रश्न पाठवून उत्तर टिपत गेले, आणि तशीच उत्तरं देईल असा सर्व्हर त्यांनी लिहिला. पुढे लिनक्सवर चालणारं हे सॉफ्टवेअर विंडोजच्या फाइली आणि प्रिंटर सांभाळू लागलं, आणि जगभरच्या कार्यालयांत शिरलं. पण अंदाजाने लिहिलेल्या सॉफ्टवेअरला पुढच्या आवृत्तीची धास्ती असते. डिसेंबर २००७ मध्ये, न्यायालयाच्या निकालानंतर, सांबाच्या वतीने एका ना-नफा संस्थेने एकदाच १०,००० युरो भरून ती कागदपत्रं घेतली. दोन महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने स्वतःहून ३०,००० पानांचा तपशील सगळ्यांसाठी उघडा केला. दहा वर्षं जो ऐवज जिवापाड जपला, तो उघडा पडल्यावर विंडोजचा धंदा बुडाला नाही. याचा अर्थ सगळ्यांनी सगळं उघडं करावं असा कोणी काढू नये. पण 'सांगितलं तर संपलो' हा युक्तिवाद पुढच्या वेळी ऐकताना ही ३०,००० पानं आठवावीत.

उलट उदाहरणही आहे. आयबीएमने १९८१ साली आपल्या पीसीचं तांत्रिक पुस्तक छापलं, त्यात बायॉसचा, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, कोड ओळीने दिला होता. बाहेरच्यांनी कार्डं बनवावीत, सॉफ्टवेअर लिहावं, हा हेतू. तो साधला. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकने त्या यंत्राशी जुळणारं यंत्र आणलं. छापील कोड न पाहिलेल्या माणसांकडून त्यांनी बायॉस नव्याने लिहून घेतला होता. काही वर्षांत आयबीएमच्या हातून पीसीची सूत्रं सुटली. जगाला स्वस्त संगणक मिळाले, आयबीएमला पश्चात्ताप मिळाला. १९८७ च्या पीएस/२ यंत्रांत त्यांनी नवी, परवान्याची रचना आणून दार ओढून घ्यायचा प्रयत्न केला, तोवर बाजार पुढे निघून गेला होता.

भारतीय कायदा या बाबतीत मुका नाही, जरी वकिलीच्या वर्गांत हे कलम क्वचित शिकवलं जातं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने एक पोटकलम आलं, (१)(कख) असं म्हणता येईल. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवायला जे करावं लागेल ते कॉपीराइटचा भंग ठरत नाही, असं ते सांगतं. दोन अटी आहेत. करणाऱ्याकडे तो प्रोग्रॅम कायदेशीररीत्या असावा, आणि ती माहिती अन्यथा सहज मिळण्यासारखी नसावी. दुसरी अट लक्षपूर्वक वाचा. प्लॅटफॉर्मने माहिती सहज मिळेल अशी ठेवली, तर आत डोकावण्याची मुभा आपोआप आटते. नाही ठेवली तर ती रुंदावते. कायद्याने इथे सांगण्याची सक्ती केलेली नाही, पण न सांगणाऱ्याचं कवच पातळ केलं आहे. ट्रिजेल यांनी केलं ते एखाद्या पोराने गुरुग्राममध्ये केलं, तर त्याला उभं राहायला हे कलम जागा देतं.

मराठी वाचकाला हा सगळा विषय दूरदेशचा वाटू नये, कारण त्याची झळ मराठीला सोसावी लागली आहे. पुण्याच्या सी-डॅकशी निगडित असलेलं इस्की हे भारतीय लिप्यांचं संकेतमानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून जाहीर झालं. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे सगळ्यांना खुलं होतं. पण छपाईच्या धंद्यात चालत होते ते फॉन्ट, आणि त्यांच्या आत अक्षरांचे तुकडे कुठल्या खान्यात ठेवायचे हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवी. त्या काळच्या विंडोजला जोडाक्षर जुळवता येत नव्हतं, म्हणून काना, वेलांटी, अर्धा त असे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवून काम भागवलं जाई. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. खान्यांचा तक्ता मिळाला तरच परिवर्तक लिहिता येई, आणि तक्ता देण्यात कंपनीला रस नसे, कारण गिऱ्हाईक बांधून ठेवणारी दोरी तीच होती. त्या दशकातला पुष्कळ मराठी मजकूर, दिवाळी अंकांच्या फाइली, प्रबंध, ग्रामपंचायतींचे कागद, आज वाचता येत नाही तो या तक्त्यांपायी.

सुटका झाली ती युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतमानकामुळे आणि त्याहीपेक्षा त्यानंतरच्या एका कामामुळे, ज्याचं श्रेय फारसं दिलं जात नाही. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिममध्ये देवनागरी जुळवणारा भाग आला, आणि तो कोणत्या क्रमाने अक्षरं तोडतो, रफार कधी हलवतो, वेलांटी कधी पुढे आणतो, याचे नियम कंपनीने फॉन्ट बनवणाऱ्यांसाठी लिहून प्रसिद्ध केले. 'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन शब्दांतला फरक तुमचा फोन आज बिनचूक दाखवतो. पहिल्यात साधा र, दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ, दोन्हींपुढे हलन्त आणि य. या क्रमातून एकदा रफार निघावा आणि एकदा य-ला चिकटलेली ती बारीक आडवी रेघ निघावी, हे मानकात आणि त्या नियमांत लिहिलेलं आहे. त्यामुळे कुठल्याही देशातला, मराठीचं एक अक्षर न येणारा फॉन्टकारसुद्धा ती रेघ बरोबर काढू शकतो. माझ्या मते या विषयातलं सांगण्याच्या बाजूचं याहून भक्कम उदाहरण आपल्याकडे नाही.

इथवर आपण सिस्टिमच्या यंत्रणेबद्दल बोललो. फोनमध्ये आणखी एक माहिती असते. ती सिस्टिमकडे असते, पण सिस्टिमची नसते. कोणाला फोन केले, कोणते एसएमएस आले, फोनवर कोणती ॲप आहेत, संपर्कयादीत कोण आहे, ही सगळी माणसाची माहिती. ती ॲपला किती द्यावी या वादात 'खुलेपणा' हा शब्द आला की मी सावध होतो.

याची दोन उदाहरणं भारतातच, एकमेकांच्या विरुद्ध दिशेने घडली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये नकोशा कॉलची तक्रार करण्यासाठी डीएनडी ॲप आणलं. अँड्रॉइडवर ते लगेच आलं. ॲपलने आपल्या फोनवर कॉलची नोंद आणि एसएमएस तिसऱ्या कोणाच्या ॲपला वाचू देण्यास नकार दिला. भांडण दोन वर्षं चाललं. जुलै २०१८ च्या नियमांत प्राधिकरणाने इथवर लिहिलं की सहा महिन्यांत फोनने अशा ॲपला आवश्यक परवानग्या दिल्या नाहीत, तर त्या फोनची नेटवर्कवरची मान्यता काढून घेण्याचा आदेश निघू शकतो. त्या वर्षीच्या आयओएस १२ मध्ये ॲपलने मधला मार्ग काढला. ॲपला सगळी नोंद दिसत नाही, वापरणारा स्वतः एखादा कॉल किंवा एसएमएस निवडतो आणि तेवढाच तक्रारीत जातो. नोव्हेंबरमध्ये ॲप आयफोनवर आलं. सरकारी दडपणाखाली निघालेली ही रचना, पण मला ती मुळात मागितलेल्या मोकळिकीपेक्षा सरस वाटते.

दुसरीकडे, झटपट कर्ज देणारी ॲप संपर्कयादी उचलून कर्जदाराच्या नातेवाइकांना धमक्या देऊ लागली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कर्जाच्या ॲपना फाइली, संपर्क आणि कॉलच्या नोंदींपासून दूर राहायला सांगितलं. कॅमेरा, माइक किंवा ठिकाण लागलंच, तर ओळख पटवण्याच्या कामापुरतं, एकदाच आणि संमतीने. एक नियामक प्लॅटफॉर्मला 'दे' म्हणत होता, दुसरा ॲपला 'घेऊ नको' म्हणत होता. दोघांचंही चुकलं नव्हतं. ही माहिती प्लॅटफॉर्मच्या मालकीची नाही, म्हणून ती वाटण्याचं औदार्य त्याने दाखवू नये आणि ती राखण्याच्या नावाखाली स्पर्धकाला बाहेरही ठेवू नये. दुसरा दुरुपयोग ओळखायला कठीण. त्याची खूण अशी की प्लॅटफॉर्मचं स्वतःचं ॲप तीच माहिती बिनदिक्कत वापरत असतं.

संपादक म्हणून माझं मत लपवून ठेवणं बरं नाही, म्हणून सांगतो. या संग्रहातल्या काही लेखकांना ते मान्य नाही, आणि त्यांनी तसं लिहिलंही आहे. प्लॅटफॉर्मने आपल्या स्वतःच्या ॲपला यंत्रणेचं जे दार उघडलं, ते बाहेरच्यालाही उघडावं आणि त्याचा तपशील छापावा. आतली घडण राखावी, हवी तेव्हा बदलावी, त्यात कोणी तोंड घालू नये. पण जिथे बंधन घातलं तिथे बंधन आहे हे लिहून द्यावं, कारण डोझ आणि ऑटोस्टार्टमधला सगळा फरक तेवढ्यात होता. या मापाने पाहिलं तर स्पर्धा आयोगाची एपीआयविषयीची सूचना मला दिशेने बरोबर आणि मांडणीत सैल वाटते. कोणाला, कुठल्या फोनवर, कोणत्या अटींवर, हे तिने सांगितलं नाही, आणि सैल दोरा ओढून न्यायाधिकरणाने ती उसवली. १९८४ मध्ये युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्यात आयबीएमने नवं यंत्र जाहीर केल्यापासून चार महिन्यांत जुळणीचा तपशील देण्याचं मान्य केलं होतं. कोणत्या यंत्रांचा, कोणता तपशील, किती दिवसांत, हे तिथे ठरलेलं होतं. आपल्या नियामकांनी ते कागद समोर ठेवून पुढचा मसुदा लिहावा.

नव्याने येणाऱ्यांसाठी वाचनाबद्दल थोडं. कायद्याकडून येत असाल तर आधी निकाल वाचू नका. एखादा जुना फोन घ्या, त्यावर गूगलच्या सेवा नसलेलं अँड्रॉइड चढवा आणि रोजची दहा ॲप टाकून काय काय मोडतं त्याची वही करा. मग स्पर्धा आयोगाचा आदेश उघडा, त्यातली तांत्रिक प्रकरणं तुम्हाला कथेसारखी वाचता येतील. प्रोग्रामिंगकडून येत असाल तर उलट करा. कलम ५२ मूळ कायद्यात वाचा, त्यातला 'सहज मिळण्यासारखी' हा निकष आपण रोज वापरतो त्या एखाद्या अपुऱ्या एसडीकेला लावून पाहा, आणि उत्तर दोन पानांत लिहा. अर्थशास्त्रवाल्यांनी फॉन्टच्या लेखापासून सुरुवात केली तरी चालेल. गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा खर्च तिथे जितका उघडा दिसतो, तितका मोठ्या खटल्यांत दिसत नाही.

शेवटच्या विभागात चिप आणि ड्रायव्हरवरचे दोन लेख आहेत. ते कठीण आहेत आणि अपुरेही आहेत. चिप बनवणारे तपशील देतात तो गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन, त्यामुळे ज्यांना खरी माहिती आहे त्यांना लिहिता येत नाही, आणि जे लिहितात त्यांना बाहेरून चाचपून लिहावं लागतं. उद्योग विहारमधल्या कोणा वाचकाची सही कधी काळी मोकळी झाली, तर पुढच्या आवृत्तीत तिथे जागा राखलेली आहे.